एलडीएल १०४: नॉर्मल, पण कुणासाठी?

पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझं वय ५६, राहणार सहकारनगर, पुणे. शाळेत गणित शिकवायचे, दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. डायबिटीस नऊ वर्षांपासून आहे. गेल्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.१ आलं. वजन ५२ किलो, उंची बरोबर पाच फूट, म्हणजे जाडीचा प्रश्न नाही. त्याच वेळी कोलेस्टेरॉल तपासलं: टोटल १८२, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, एलडीएल (वाईट) १०४. टोटलपुढे लॅबने ‘डिझायरेबल’ आणि एलडीएलपुढे ‘नियर ऑप्टिमल’ छापलंय. तरी आमच्या डॉक्टरांनी ॲटॉर्व्हास्टॅटिन २० ही कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली. तीन आठवडे घेतली. गुडघे दुखायला लागले. त्यातच दिरांनी एक व्हिडिओ पाठवला की या गोळ्यांनी शुगर वाढते. बघितलं तर उपाशीपोटीची शुगर ११८ ची १२६ झालेली. गोळी बंद केली. यजमान (वय ६१) म्हणतात, शुगर सांभाळलीस की झालं. तूप बंद करून, लसूण-जवस खाऊन भागेल का? माझे वडील ५२ व्या वर्षी हार्ट ॲटॅकने गेले, म्हणून मनात भीती आहे. गोळी खरंच लागते का?

ता. क. मी रोज पहाटे पर्वती चढते. दोनेक महिने झाले, अर्ध्यावर आलं की घसा आवळल्यासारखा होतो, डावा जबडाही ओढतो. दोन मिनिटं कठड्याला टेकून उभी राहिले की जातं. ॲसिडिटी असावी. पहाटेचा रिकाम्या पोटीचा चहा बंद करू का?

उत्तर

बाई, तुमचं पत्र मी खालून वर वाचतेय. अख्ख्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट तुम्ही ताजा कलमात ढकललीत, आणि तीही चहाच्या निमित्ताने.

ॲसिडिटीला पायऱ्या मोजता येत नाहीत. ती जेवणानंतर येते, आडवं पडलं की येते, तिखट मिसळ खाल्ली की येते. एकशे तीन पायऱ्यांपैकी अर्ध्या झाल्या की रोज तिथेच येते आणि थांबलं की दोन मिनिटांत जाते, असली शिस्त ॲसिडिटीला नसते. ही शिस्त हृदयाच्या रक्तवाहिन्यांची. चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं, वाहिनी अरुंद असेल तर ते पोचत नाही, हृदय तक्रार करतं. थांबलं की गरज कमी होते, तक्रार थांबते. याला अंजायना म्हणतात. छातीतच दुखायला हवं असं काही नाही. घसा, जबडा, खांदा, दोन्ही हात, पोटाचा वरचा भाग, नुसती धाप, नुसता घाम, कशातूनही ते बोलतं. बायकांमध्ये असं आडवळणाचं बोलणं जास्त, आणि डायबिटीस जुना असेल तर नसाच बधिर झालेल्या असू शकतात, त्यामुळे दुखणं कधी पुसट येतं, कधी येतच नाही.

तुम्हाला अंजायनाच आहे असं पत्रावरून मी सांगू शकत नाही. पण उलट सिद्ध होईपर्यंत तसंच धरून चालायचं. त्यातून हे दोन महिन्यांत नव्याने सुरू झालेलं आहे, म्हणून जास्त घाई. पत्र आलं त्या दिवशीच तुम्ही दिलेल्या नंबरवर फोन करून मी हे सांगितलंय: उद्यापासून पर्वती बंद, आणि डॉक्टरांकडे चोवीस तासांत. इथे छापतेय ते तुमच्यासारख्याच इतरांसाठी, कारण तळजाईवर, वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर रोज सकाळी अशी ‘ॲसिडिटी’ घेऊन चढणारी माणसं आहेत. चढताना मध्येच थांबून मोबाइल बघायचं नाटक करणारीही मी पाहिलीत.

डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि तो नीट आला, तर तेवढ्यावर खूश होऊन घरी येऊ नका. बसून काढलेला ईसीजी अंजायनातही बऱ्याचदा स्वच्छ असतो. स्कूटर स्टँडवर असताना इंजिन गुरगुरत नाही, घाटात गुरगुरतं, तसंच. पुढे टू-डी एको, स्ट्रेस टेस्ट की सीटी अँजिओग्राफी, ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. आणि हाच त्रास बसल्या जागी झाला, किंवा पंधरा मिनिटांत गेला नाही, किंवा घाम फुटला, मळमळलं, तर १०८ ला फोन. मुलाच्या ॲक्टिव्हावर मागे बसून दवाखाना गाठायचा नाही. शेजारच्या काकांच्या डबीतली जिभेखालची गोळीही उसनी घ्यायची नाही. तिने बीपी एकदम खाली येऊ शकतं.

आता रिपोर्टकडे वळू.

लॅबने ‘नियर ऑप्टिमल’ छापलंय, तो कप्पा २००१ मधल्या एका अमेरिकी मार्गदर्शिकेतून आला आहे: एलडीएल १०० च्या आत उत्तम, १०० ते १२९ उत्तमाच्या जवळ, १३० ते १५९ सीमारेषेवर. सगळ्यांसाठी एकच पट्टी. पण गंमत अशी की त्याच मार्गदर्शिकेने मधुमेही माणसाला थेट हृदयरोग्यांच्या पंगतीत बसवलं होतं. कप्पे लॅबच्या कागदावर छापून आले, पंगतीची गोष्ट आली नाही. त्यामुळे ‘नॉर्मल’ हा शब्द तिथे असतो, पण तो ज्याचा रिपोर्ट आहे त्याला उद्देशून नसतो. तुम्ही वर्गात पस्तीस मार्कांना पास म्हणायचा. इंजिनिअरिंगला जायचं असेल त्या पोराला पस्तिसाचा उपयोग काय?

तुमच्यासाठी पट्टी कोणती? मधुमेह, त्यात वडिलांना पंचावन्नच्या आत ॲटॅक, त्यात तुमचं वय ५५ च्या पुढे, त्यात एचडीएल ३६ (बाईमाणसाचं ५० च्या वर असावं). अशा माणसासाठी अमेरिकन डायबिटीस असोसिएशन एलडीएल ७० च्या खाली आणायला सांगते. आपल्याकडची लिपिड असोसिएशन ऑफ इंडिया आणखी कडक आहे. मधुमेहासोबत असे दोन किंवा जास्त धोके असले तर ती ५० च्या खाली म्हणते. आणि पर्वतीवरचं दुखणं खरंच हृदयाचं निघालं तर दोन्हीकडे आकडा पन्नास-पंचावन्नच्या आत जातो. म्हणजे तुमचा १०४ हा उत्तमाच्या जवळ नाही, दुप्पट आहे.

पण खरं सांगू, मला त्या १०४ पेक्षा त्याच्या शेजारचे दोन आकडे जास्त बोलके वाटतात. ट्रायग्लिसराइड्स २१० आणि एचडीएल ३६. मधुमेहाची सही अशी असते. इन्सुलिनचं शरीर ऐकेनासं झालं की पोटाभोवतीच्या चरबीतून चरबीची आम्लं सुटून यकृताकडे जातात. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइडने भरलेले कण करून रक्तात सोडतं. हे कण रक्तात एलडीएल आणि एचडीएलशी देवाणघेवाण करतात: आपले ट्रायग्लिसराइड द्यायचे, त्यांचं कोलेस्टेरॉल घ्यायचं. या व्यवहारात एचडीएल लवकर संपतं आणि एलडीएलचे कण झिजून बारीक होतात.

बारीक झाल्याने काय बिघडतं, ते पुणेकराला चटकन कळेल. रिपोर्टमधला एलडीएल हा आकडा प्रवासी मोजतो, गाड्या मोजत नाही. प्रवासी म्हणजे कोलेस्टेरॉल, गाडी म्हणजे ते वाहून नेणारा कण. स्वारगेटहून कात्रजला शंभर माणसं दोन पीएमटी बसमधून गेली काय किंवा शंभर दुचाकींवरून गेली काय, माणसं शंभरच. पण रस्ता कुणामुळे तुंबतो? मधुमेही माणसाच्या रक्तात प्रवासी तितकेच, पण दुचाक्याच दुचाक्या. त्यातून दुचाकी फुटपाथवरही चढते. तसे हे कण रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरतात, तिथेच अडकतात, आणि अडथळ्याची, म्हणजे तुम्ही-आम्ही ब्लॉकेज म्हणतो त्याची, पहिली वीट तिथे बसते. गाड्या मोजायची तपासणीही आहे, तिला ॲपोबी म्हणतात. पण ती करायलाच हवी असं नाही.

कारण एक फुकटची वजाबाकी आहे. टोटलमधून एचडीएल वजा करा. १८२ वजा ३६, उत्तर १४६. याला नॉन-एचडीएल म्हणतात: वाहिनीत घाण टाकू शकणाऱ्या सगळ्या गाड्यांवरचं कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइडवाल्यांसकट. मधुमेहात हा आकडा एलडीएलपेक्षा भरवशाचा. उद्दिष्ट सोपं: एलडीएलच्या उद्दिष्टात ३० मिळवायचे. म्हणजे तुमच्यासाठी ८० ते १००. तुम्ही आहात १४६ वर. गणिताच्या शिक्षिकेने ही वजाबाकी केली नाही यात तुमची चूक नाही. बऱ्याच लॅब ती छापतात, पण कागदाच्या तळाशी, बारीक अक्षरात.

वजाबाकीचा आणखी एक फायदा. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, १९७२ पासून चालत आलेल्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात: टोटल वजा एचडीएल, वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. करून बघा. १८२ वजा ३६ वजा ४२, बरोबर १०४. म्हणजे तुमचा एलडीएल मोजलेला नाही, हिशेबातून आलेला आहे. ट्रायग्लिसराइड्स वाढत गेले की हा हिशेब एलडीएल कमी दाखवायला लागतो, आणि ४०० च्या पुढे तर वापरायचाच नसतो. ट्रायग्लिसराइड्स आदल्या रात्रीच्या लग्नाच्या जेवणानेही उसळतात. नॉन-एचडीएलवर या कशाचा फारसा परिणाम होत नाही, त्यासाठी उपाशीपोटी रांगेत उभं राहायचीही गरज नाही.

‘मी तर बारीक आहे’ हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकते. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, मी काढला, २२.४ येतो. छान. आता एक पुण्याचीच गोष्ट ऐका. आपल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात दोघांचा शेजारी-शेजारी उभा राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावाचं आद्याक्षर एकच, म्हणून त्या फोटोला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात. आपण भारतीय बारीक दिसतो, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाच्या आत. वजनकाट्याला हे दिसत नाही, साडीच्या निऱ्यांना दिसतं. एकदा शिवणाची टेप घेऊन कंबर मोजा, ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर बारीकपणाचा मुद्दा मागे घ्या. शिवाय भारतात कोलेस्टेरॉलचा सगळ्यात जास्त आढळणारा बिघाड एलडीएल वाढण्याचा नाहीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मधुमेह पाहणीतून २०१४ मध्ये जे निष्कर्ष छापून आले, ज्यात महाराष्ट्रही होता, त्यात १०० पैकी ७२ जणांचं एचडीएल कमी होतं, आणि एलडीएल वाढलेले जेमतेम १२. तुमचा रिपोर्ट अगदी आपल्या मातीतला आहे.

यजमान म्हणतात शुगर सांभाळली की झालं. शुगर सांभाळलीत हे कौतुकाचंच, ७.१ ला मी नाव ठेवणार नाही. डोळे, किडनी, पायाच्या नसा यांच्यासाठी ती सगळ्यात महत्त्वाची. हृदयाचा हिशेब मात्र वेगळा निघाला. ब्रिटनमध्ये नव्याने मधुमेह झालेल्या हजारो लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा यूकेपीडीएस नावाचा अभ्यास झाला. १९९८ मध्ये त्यातून हृदयरोग कुणाला होतो याची क्रमवारी आली: पहिलं एलडीएल, दुसरं कमी एचडीएल, तिसरं एचबीएवनसी, मग वरचं बीपी, मग धूम्रपान. शुगर तिसरी. यजमानांना ही क्रमवारी दाखवा. ते वाद घालतील. घालू देत.

मग खरा प्रश्न: नॉर्मल दिसणाऱ्या रिपोर्टवर गोळी देऊन खरंच काही होतं का? नेमक्या याच प्रश्नावर ‘कार्ड्स’ नावाचा अभ्यास ब्रिटन-आयर्लंडमध्ये झाला. चाळीस ते पंचाहत्तर वयाचे २,८३८ मधुमेही, कुणालाही आधी हृदयविकार नाही, एलडीएल १६० च्या आत, सरासरी ११७ च्या आसपास. म्हणजे तुमच्यासारखेच कागद घेऊन आलेली माणसं. अर्ध्यांना ॲटॉर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. ठरलेल्या वेळेच्या सुमारे दोन वर्षं आधीच अभ्यास थांबवावा लागला, कारण फरक इतका स्पष्ट होता की उरलेल्यांना पोकळ गोळी देत राहणं बरोबर दिसेना. हार्ट ॲटॅक, पक्षाघात वगैरे मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी, त्यात पक्षाघात जवळजवळ निम्म्यावर. हे २००४ चं. पुढे २००८ मध्ये चौदा अभ्यासांतले १८,६८६ मधुमेही एकत्र मोजले, तर एलडीएल दर ३९ ने उतरलं की मोठ्या घटना एक पंचमांशाने घटतात असं निघालं. सुरुवातीचा आकडा कितीही असो.

तुमच्या गोळीचा हिशेब फळ्यावर मांडते. २० मिलिग्रॅमने एलडीएल साधारण ४० टक्के उतरतं: १०४ चं ६२. डोस दुप्पट केला म्हणून परिणाम दुप्पट होत नाही, जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं. म्हणून ५० गाठायचं असेल तर डॉक्टर बऱ्याचदा डोस वाढवत नेण्याऐवजी एझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडतात. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही, उरलेल्यातलं वीस टक्के काढते. ६२ चं ५०. जमलं.

दिरांचा व्हिडिओ पूर्ण खोटा नाही, म्हणूनच तो त्रासदायक आहे. स्टॅटिनने (तुमची ॲटॉर्व्हास्टॅटिन याच गटातली) शुगर थोडी वाढते, खरं आहे. २०१० मध्ये तेरा अभ्यासांतल्या ९१ हजारांवर लोकांचा हिशेब छापला गेला. २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतली तर त्यातल्या एकाला जास्तीचा मधुमेह होतो, बहुतेक वेळा आधीच काठावर असलेल्याला. तुम्हाला तो नऊ वर्षांपूर्वीच झालाय. ज्यांना आहे त्यांचं एचबीएवनसी ०.१ च्या आसपास सरकतं. ११८ ची १२६ ही तर गोळीची करामत म्हणायलाही कमी आहे, आदल्या रात्री झोप नीट झाली नाही तरी एवढा फरक पडतो, घरच्या ग्लुकोमीटरची चूकही त्याहून जास्त असू शकते. व्हिडिओवाले निम्मं वाक्य सांगतात. उरलेलं निम्मं असं की तेवढ्याशा साखरेच्या बदल्यात हृदय आणि मेंदूला मिळणारं संरक्षण कित्येक पटींनी मोठं आहे.

गुडघ्यांचं. स्टॅटिनने दुखतात ते स्नायू: दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे, सारखे, जडावल्यासारखे. गुडघ्याचा सांधा दुखणं हे ५६ व्या वर्षी, रोज एकशे तीन पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या बाईचं स्वतंत्र प्रकरण आहे. तरीही मी ‘तुमच्या मनाचे खेळ’ म्हणून झटकणार नाही. लंडनमध्ये २०२० मध्ये एक सुंदर प्रयोग झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना बारा बाटल्या दिल्या. चारांत स्टॅटिन, चारांत पोकळ गोळ्या, चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली, क्रम उलटसुलट. रोज मोबाइलवर त्रासाला मार्क द्यायचे. गोळ्या नसलेल्या महिन्यांत त्रास कमी. स्टॅटिनच्या महिन्यांत जास्त. आणि पोकळ गोळीच्या महिन्यांत जवळपास तितकाच जास्त: स्टॅटिनने वाढलेल्या त्रासातला नव्वद टक्के पोकळ गोळीनेही आणला. दुखणं खरं होतं, पण ते बहुतांशी गोळी घेतल्याच्या धास्तीने आलं होतं, गोळीतल्या औषधाने नव्हे. आपला स्वतःचा आलेख बघून त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

खरा स्नायूंचा त्रास होतो, नाही असं नाही. तेव्हा डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, दिवसाआड देता येतं. लघवी चहासारखी काळपट झाली आणि अंग प्रचंड दुखलं तर मात्र लगेच बंद करून डॉक्टरांना कळवायचं. ते फार क्वचित घडतं. थायरॉईड, म्हणजे टीएसएच, तपासलंय का? टीएसएच वाढलेलं असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्टॅटिनने स्नायूही जास्त दुखतात. तुमच्या वयाच्या बायकांत हे इतकं नेहमीचं आहे की रिपोर्टच्या फाइलमध्ये टीएसएच दिसलं नाही की मला चुकल्यासारखं होतं.

तुपावर मराठी घरात कोर्टकचेऱ्या होतात, म्हणून आकडेच देते. तुमच्या अंगकाठीला दिवसाला साधारण १६०० कॅलरी धरल्या तर घट्ट चरबीचा, म्हणजे सॅच्युरेटेड फॅटचा, कोटा १२ ते १८ ग्रॅम. वरण-भातावरच्या एका चहाच्या चमच्यात साजूक तूप ५ ग्रॅम, त्यातली घट्ट चरबी ३. तेवढं खा, आनंदाने खा. आता दुधाकडे बघा. फुल क्रीम दुधात ६ टक्के चरबी. दिवसाकाठी चार चहा आणि रात्रीचं एक कप दूध मिळून अर्धा लिटर झालं की ३० ग्रॅम चरबी, त्यातली १८ च्या वर घट्ट. सगळा कोटा कपबशीतच संपला, आणि घरात भांडण तुपावरून चाललंय. टोन्ड घ्या, त्यात ३ टक्के असते, डबल टोन्डमध्ये दीड. साय काढून तूप कढवायचा तुमचा मोह मला कळतो, माझ्याही आईचा होता. पण मग ते तूप घरात कोण खातं?

बेकरीची खारी, नानकटाई, बटर, मोठ्या कढईत पुन्हापुन्हा तापलेल्या तेलातली भजी यांच्याबद्दल मात्र मी तडजोड करत नाही. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, चांगलं झालं, पण ट्रान्स गेलं तरी घट्ट चरबी आणि मैदा तिथेच आहे. तेलाच्या डब्यावरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ला भुलू नका, कुठल्याच वनस्पती तेलात ते नसतं. शेंगदाण्याचं, करडईचं तेल चालेल, माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आत.

तुमचे ट्रायग्लिसराइड्स तुपाने वाढलेले नाहीत, ते भात-पोळी-साबुदाण्याने वाढलेत. जास्तीच्या पिठा-साखरेचं यकृत तेच करतं. रात्री भात आणि पोळी दोन्ही खात असाल तर एक निवडा. उपासाच्या दिवशी खिचडीची ताटली भरून घेऊन ‘आज काही खाल्लं नाही’ म्हणू नका. मुगाची उसळ, मटकी, पालेभाजी, ताक, दाण्याची चटणी, हवी तेवढी. जवसाची चटणी चांगलीच आहे, लसूणही चांगली, पण त्यांनी १०४ चं ५० होत नाही. नुसतं खाणं सुधारून एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरलं तरी मी पाठ थोपटीन. एचडीएल वाढवायच्या गोळीच्या मागे लागू नका. नायसिन नावाच्या गोळीने आकडा वाढला, ॲटॅक कमी झाले नाहीत. मोठे अभ्यास झाले, त्यात ते उघडं पडलं.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर चार शब्द लिहून न्या: घसा-जबडा, टीएसएच, लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीसाठी), लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण). शेवटचं आयुष्यात एकदाच तपासायचं. ते आनुवंशिक असतं, आणि वडील ५२ व्या वर्षी गेले असतील तर ते बघणं भागच आहे. गोळी बंद केल्याचं त्यांना सांगा, लपवू नका. नाहीतर पुढचा रिपोर्ट बघून ते बिचारे डोस वाढवून ठेवतील. पुन्हा सुरू केल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी रिपोर्ट. ॲस्पिरिन त्यांनी सांगितली तरच घ्यायची, आपणहून नाही. पोटातून रक्त जायची भीती असते. ॲटॉर्व्हास्टॅटिन रात्रीच घ्यायला हवी असंही नाही, सकाळच्या डायबिटीसच्या गोळीबरोबर घेतली तर विसरणार नाही.

पहाटेच्या चहाचं विचारलंत. चहा घ्या, साखर वगळून. पर्वतीचं डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर बघू.

आणि यजमानांचं वय ६१ लिहिलंत, रिपोर्ट फक्त तुमचा पाठवलात. त्यांनी शेवटचं रक्त कधी तपासलं?